नलूचा स्टोव्ह

"पण हा फुटत नाही ना हो?"

दिगंबर गाडेकरनं स्टोव्ह उचलला, उलटा केला, टाकीवर टिचकी मारली आणि मला असं विचारलं. लग्नाला आठ दिवस राहिलेला नवरा मुलगा, तोही दुसरेपणाचा. केसांना ताजा कलप, आणि कानाच्या पाळीला त्याच कलपाचा ठिपका.

"अहो, स्टोव्ह आहे हा, सुतळी बॉम्ब नव्हे," मी म्हटलं. "आणि तुमच्याकडे तर गॅस आहे ना? दोन शेगड्यांचा?"

"गॅस आहे हो. पण अडीनडीला घरात असावा एखादा."

माझ्या हातातली छिन्नी तिथंच थांबली. हेच शब्द, याच पायरीवर, याच माणसाच्या तोंडून मी साडेतीन वर्षांपूर्वी ऐकले होते. तेव्हा मी त्याला एक पिन वर फुकट दिली होती. मेली माझी दानत!

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. बार्शीत आमचं तांबटांचं दुकान. भांडी विकायची, भांड्यांवर नावं घालायची आणि स्टोव्ह दुरुस्त करायचे. मामंजींना दिसेनासं झालं, आमचे हे एसटीत कंडक्टर, म्हणजे घरी कमी आणि तुळजापूरच्या स्टँडवर जास्त. त्यामुळं दुकान मीच बघायची. बाईमाणूस स्टोव्ह खोलतंय म्हणून पहिले सहा महिने लोक चहा पीत उभे राहून मजा बघायचे. नंतर त्यांचेच स्टोव्ह घेऊन यायला लागले.

तर सांगायचं म्हणजे, नऊ वर्षांत आमच्या दुकानातनं चार स्टोव्ह असे गेले, की घरात गॅस असून माणसानं मागून नेले. चारही पुरुषांनी नेले. एरवी पुरुष स्टोव्ह घ्यायला येतच नाही हो. त्याला काय ठाऊक, पाणी कशावर तापतं ते! बाई येते, चार वेळा पंप मारून बघते, भाव पाडते, चावी घट्ट आहे म्हणून नावं ठेवते. हे चौघे मात्र आले, पहिला दिसेल तो उचलला, "अडीनडीला असावा" म्हणाले आणि "फुटत नाही ना" असं विचारून गेले. पंधरा दिवसांत, महिन्यात फुटला. चारही वेळा सून एकटीच स्वयंपाकघरात. सासू देवळात नाहीतर भाजीला. नवरा बाहेरच्या खोलीत, आणि त्याच्या उजव्या हाताला एवढासा चटका, विझवायला गेलो म्हणून दाखवायला. आमच्या आख्ख्या पेठेत स्टोव्हनं कधी सासू जाळली नाही, नवरा जाळला नाही. इतकं माणूस ओळखणारं यंत्र मी दुसरं पाहिलं नाही.

त्या चारांतला चौथा हा दिगंबर. त्याची बायको नलू. आमच्या मागच्या गल्लीत पापड-कुरडया विकणाऱ्या सोनाबाईची एकुलती एक लेक. हसायला लागली की पदर तोंडात कोंबायची.

"फुटत नाही," मी दिगंबरला म्हटलं. "पण आमच्या दुकानाची रीत आहे. नाव घातल्याशिवाय भांडं उंबऱ्याबाहेर जात नाही."

"स्टोव्हवर कुठं नाव घालतात, काकू?"

"का? स्टोव्ह शेजारी मागायला येत नाहीत? तो तर पहिला मागतात. आणि पैसे ठेवा तुमच्या खिशात. हा आमच्याकडून आहेर. लग्नातच आणून देते, वाजतगाजत."

फुकट म्हटल्यावर त्याचा चेहरा असा खुलला की कलपसुद्धा शोभायला लागला. "मग झकास घाला नाव," म्हणाला आणि शीळ घालत गेला.

खरं सांगू? त्या घटकेला माझ्या डोक्यात काही बेत नव्हता. एवढंच कळत होतं की मी नाही म्हटलं तर तो पुढच्या दुकानातनं नेईल. आणि आठ दिवसांनी त्या घरात कोणीतरी पोर हळदीच्या अंगानं शिरणार होती. ती पोर कोण, हेही मला माहीत नव्हतं.

ते दुसऱ्या दिवशी कळलं. वैरागहून भानुदास गुरुजी आले, एक्कावन्न भांडी घेतली आणि म्हणाले, "नाव घाला. सौ. वैजयंती दिगंबर गाडेकर." मागं त्यांची मुलगी उभी होती. उंच, सावळी, आणि भारी चिकित्सक. प्रत्येक वाटीवर टिचकी मारून बघत होती.

"ही बद्द वाजते, काकू."

"तू पण बद्द वाजशील सासरी गेल्यावर," मी म्हटलं.

"मी नाही वाजणार. मी खणखणीत आहे," ती म्हणाली आणि वाटी बदलून घेतली.

बाई गं, मला ती पोर इतकी आवडली! तिला बाहेर उसाचा रस प्यायला पिटाळलं आणि मी गुरुजींसमोर स्टूल ओढलं.

"गुरुजी, राग मानू नका. मुलाची पहिली बायको कशानं गेली, माहीत आहे?"

"आहे तर! स्टोव्हचा भडका. बिचाऱ्यानं पहिल्या भेटीतच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मला तेच आवडलं."

"गुरुजी, तो स्टोव्ह फुटला नव्हता."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चाळीस वर्षं वर्गात उभा राहिलेला माणूस. उद्धट पोराला समजावतात तशा आवाजात म्हणाले, "बाई, ऐकीव गोष्टीवर मी जात नाही. मी कागद मागितला आणि मुलानं कागद दिला. हे बघा." त्यांनी पिशवीतनं चौपदरी घडी घातलेली झेरॉक्स काढली. "खाली शिक्का तर तुमच्याच दुकानाचा आहे!"

मी कागद घेतला. 'सदर स्टोव्ह पाहिला. टाकीत हवेचा दाब जास्त झाल्याने स्टोव्ह फुटून भडका उडाला असे आमचे मत आहे.' खाली आमचा शिक्का, मामंजींचा अंगठा. आणि अक्षर माझं. 'भ'ची गाठ मी लहानपणापासून अशीच मारते, वळकटीसारखी.

हो. मीच लिहिलं होतं ते. इतका वेळ तुम्हाला दुसऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या, ही शेवटाला ठेवली. काळोखे हवालदार स्टोव्ह घेऊन आले होते, दुकानात बसून मजकूर सांगत होते, मी लिहीत होते. दिगंबर पायरीवर बसून ढसाढसा रडत होता. मला त्याची दया आली. त्यातून हवालदार म्हणाले, "गेलेली काही परत येत नाही बाई, मागं राहिलेल्याचा विचार करा." मी केला. स्टोव्ह उघडूनसुद्धा बघितला नाही. दुसऱ्या दिवशी बघितला, तर टाकी अखंड, अर्धी भरलेली, पंपाचं कातडी वायसर हाताला मऊ. फुटलेल्या स्टोव्हात रॉकेल शिल्लक राहतं का कधी? पण कागद गेला होता. हवालदार स्टोव्ह न्यायला परत आलेच नाहीत. मी तो पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकला आणि साडेतीन वर्षं तोंड शिवून बसले. आता माझ्याच अक्षराच्या जिवावर तो दुसरी बायको करत होता.

"गुरुजी, हे खोटं आहे. मी लिहिलंय म्हणून सांगते."

"तेव्हा लिहिलंत ते खोटं, की आता बोलता ते?" गुरुजींनी कागदाची घडी घातली. "बाई, लग्न आठवड्यावर आलंय. पत्रिका वाटून झाल्यात. लोकांच्या पोरींच्या संसारात असं विष कालवू नये." आणि उठून गेले. वैजू बाहेरनं माझ्यासाठी रसाचा पेला घेऊन आली होती. तो तिनं माझ्या हातात दिला आणि बापामागं गेली.

संध्याकाळी पोतं काखोटीला मारून मी सोनाबाईकडं गेले. ती कुरडयांची टोपली उतरवत होती. स्टोव्ह तिच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. अक्षराचंही. वाटलं, ही आता चिमटा फेकून मारणार. तिनं आधी स्टोव्हवरची काजळी पदरानं पुसली.

"तू लिवलंस व्हय?" ती म्हणाली.

"हो."

"मला वाटलंच होतं. तुजा सासरा आंगठ्यावाला. पर तू आपून होऊन सांगशील म्हणून मी वाट बघत होते. लई वाट बघायला लावलीस की गं, द्वारके!"

मला रडू फुटलं. तिनं मला रडू दिलं. मग म्हणाली, "झालं का? नाक पूस. आता त्या पोरीचं काय करायचं?"

"पोलिसात जाऊ."

"पोलिसात काळोखे हाय. गुरुजीला कागद पायजे ना? कागदाला कागद फाडतो. जे फाटत न्हाई त्याच्यावर लिव. तुला काय येतं?"

"नाव घालता येतं."

"मंग घाल की." म्हातारीचे डोळे असे लकाकले की मला तिची भीतीच वाटली. "आणि आहेर पुकारणारा कोन हाय?"

"निवृत्ती माईकवाला."

सोनाबाई साडेतीन वर्षांत पहिल्यांदा हसली, तीही पदर तोंडात कोंबून. हसण्याचं कारण असं की निवृत्ती माईकवाला म्हणजे गावाची मौज होती. आवाज असा की पार रेल्वे स्टेशनवर ऐकू जावा; पण वाचायला लागला की डोक्याला सुट्टी. जे दिसेल ते वाचायचा. भांडं वर धरायचं, त्यावरचं नाव अथपासून इतिपर्यंत म्हणायचं, बाजूला ठेवायचं. एकदा एका मामीनं भाचीच्या लग्नात दुसऱ्याकडनं आलेली कळशी फिरवली, तर यानं भर मांडवात वाचलं, "चि. बंडूच्या मुंजीनिमित्त परांड्याच्या आत्याकडून!" आत्या समोरच बसली होती. दोन घरं अजून बोलत नाहीत.

पुढचे चार दिवस मी वैजूच्या एक्कावन्न भांड्यांवर नाव घालत होते आणि मधे मधे पोत्यातल्या त्या जुन्या स्टोव्हवर. पितळ राख-चिंचेनं लखलखीत केलं. अक्षरं मोठी घातली, टाकीच्या भोवती तीन ओळींत. आतलं काही बदललं नाही. तीच पिन, तोच बर्नर, तेच वायसर; त्याला फक्त तेलाचं बोट लावलं. मामंजी आतनं विचारायचे, "सूनबाई, एवढं लांबलचक नाव कुणाचं गं?" मी म्हणायचे, "मोठं घराणं आहे, मामंजी."

लग्न बार्शीतच होतं, मुलाच्या दारी. आमच्याकडं तेव्हा हळद लागली की आहेर पुकारायचे आणि अक्षता दुपारी. मी लाल कागदात गुंडाळलेला स्टोव्ह घेऊन गेले. सोनाबाई माझ्यामागं, हातात पिशवी. दारात दिगंबरच्या आईनं तिला अडवलं.

"तुम्हाला कुणी बोलावलं?"

"बोलवायला कशाला पायजे, विहीणबाई? जावयाचं लगीन हाय. सासूनं न्हाई यायचं तर कुणी?" आणि बायकांच्या घोळक्यात जाऊन पहिल्या रांगेत बसली.

दिगंबर पिवळाधमक होऊन पाटावर बसला होता. मला बघून हात जोडले. "आणलात का काकू? नाव झकास घातलंत ना?"

"वाचतीलच की आता," मी म्हटलं. काळोखे हवालदार तिसऱ्या रांगेत सुपारी कातरत होते. आमच्या ह्यांना एसटीतनं सुट्टी मिळाली नव्हती, ते एक बरं झालं. मिळाली असती तर त्यांनी मला घरात कोंडलं असतं.

निवृत्तीनं सुरुवात केली. पाच ताटं झाली, पितळी डबा झाला, साड्या झाल्या. मग त्यानं माझा लाल कागद टराटरा फाडला, स्टोव्ह दोन्ही हातांनी वर धरला आणि गरागरा फिरवत ठणठणीत आवाजात वाचायला लागला.

"नलिनी दिगंबर गाडेकर हिचा स्टोव्ह! हा फुटला नाही! फुटला असे खोटे लिहून दिले, ती मी, द्वारका तांबट, बार्शी!" आणि सवयीनं वर आपलं एक जोडलं, "त्यांचे आभारी आहोत!"

नेहमीच्या सवयीनं दोन-चार जणांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग सनई थांबली. मग कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं, तेवढाच आवाज.

"ए, बंद कर तो माईक!" दिगंबर ओरडला. "या काकूचं डोकं फिरलंय. जुनं खोकडं आणून मांडवात... फुटलेला स्टोव्ह आहे तो! हिनंच लिहून दिलंय!"

"फुटलाय?" सोनाबाई उठली. "मंग पेटणार न्हाई. बघू की."

तिनं निवृत्तीच्या हातातनं स्टोव्ह घेतला आणि मांडवाच्या मधोमध मोकळ्या जागेत ठेवला. पिशवीतनं रॉकेलची बाटली काढली, काकडा काढला, पातेलं, साखर, चहाची पुडी, सगळा संसार काढला. माझ्याकडं बघितलं. मी पुढं होऊन बसले. पिन मारली. काकड्यानं बर्नर तापवला. पंप मारायला लागले. एक, दोन, पाच, दहा. मनात म्हटलं, नले, आता लाज राख गं बाई. तू मला शिव्या दे, पण हा पेटू दे.

पेटला. आधी पिवळा झाला, फुरफुरला, आणि मग निळी फुलं धरून असा एका सुरात वाजायला लागला की दुकानातल्या नव्यानं लाजावं. पुढच्या बायका मागं सरकल्या होत्या, त्या परत पुढं आल्या. आयुष्य स्टोव्हपुढं गेलेल्या बायका त्या. फुटलेला कुठला आणि धडधाकट कुठला, हे त्यांना कुणी कागदावर लिहून द्यायची गरज नव्हती.

सोनाबाईनं पातेलं चढवलं. चहा उकळला. तिनं कप भरला आणि दिगंबरसमोर धरला.

"घ्या जावईबापू. तुमच्याच घरातला स्टोव्ह हाय. लई दिसांनी पेटलाय."

दिगंबरनं कपाकडं नाही, स्टोव्हकडं बघितलं. आणि पाटावरून उठून मागं सरकला, दोन पावलं, तीन पावलं, पार खांबाला टेकेपर्यंत. उजवा हात त्यानं पाठीमागं लपवला होता.

इतका वेळ वैजू पलीकडच्या पाटावर बसली होती. ती उठली, हळदीच्या अंगानंच आली, सोनाबाईच्या हातातला कप घेतला आणि उभ्याउभ्या सगळा चहा प्यायली. मग बापाला म्हणाली, "बाबा, हा मागं का सरकला?"

गुरुजींनी खिशातनं ती झेरॉक्स काढली. चष्मा लावून पुन्हा एकदा वाचली. मग चार तुकडे करायला गेले, तर मी त्यांचा हात धरला. "फाडू नका, गुरुजी. मला उद्या ती पोलिसात न्यायची आहे."

दुपारच्या अक्षता कुणाच्या डोक्यावर पडल्या नाहीत. जेवणावळ मात्र झाली. केलेला बुंदीचा लाडू काय टाकून द्यायचा?

पुढचं विचाराल तर सरळ काही झालं नाही. मी जबाब बदलला, तेव्हा मोठ्या साहेबांनी मला तासभर उभं करून खडसावलं, आणि ते बरोबरच होतं. काळोखेंची बदली झाली. खटला उभा राहिला, रखडला, आणि सहा वर्षांनी दिगंबर पुराव्याअभावी सुटला. सोनाबाईनं निकाल ऐकला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे पापड लाटले. पण तोवर आख्ख्या तालुक्यात पोरगी बघायला गेला की लोक त्याला पाणीसुद्धा विचारत नव्हते. आणि आमच्या दुकानात एक नवी रीत पडली. घरात गॅस असून कुणी पुरुष स्टोव्ह मागायला आला, की मी म्हणायची, "मालकिणीला घेऊन या. तिच्या हाताला बसतो का बघते." नऊ जण आले, त्यातले चार परत फिरकलेच नाहीत.

लग्नाच्या पुढच्या सोमवारी वैजू तिची एक्कावन्न भांडी घेऊन दुकानात आली. 'दिगंबर गाडेकर' घासून काढायचं होतं. मी म्हटलं ठेवून जा, तर ऐकेना. स्वतः कानस घेऊन माझ्यासमोर बसली. तीन दिवस आम्ही दोघी घासत होतो. सोनाबाई दुपारचा चहा घेऊन यायची आणि "नीट घास गं, 'दि' दिसतोय अजून" म्हणून बोटानं दाखवायची. वैजू खिदळायची.

तिसऱ्या दिवशी शेवटची वाटी राहिली. वैजूनं ती घासता घासता समोरच्या फळीवर बघितलं. तिथं नलूचा स्टोव्ह ठेवला होता.

"काकू, नलूताई केवढी होती हो?"

"बावीस वर्षांची."

वैजूनं वाटीवर टिचकी मारून बघितली.

"मीपण," ती म्हणाली, आणि पुन्हा वाटी घासायला लागली.